न्हाणीतला रेझर

"जळतं काय नेमकं? केस, का कातडी?" झुंबरबाईंनी विचारलं.

डॉक्टर देवश्रींनी केस काढायची दोन्ही यंत्रं दाखवली. एकाचा प्रकाश पसरतो. खर्च कमी, पण सावळ्या कातडीवर डाग पडायची भीती. दुसरा लेसर, थेट केसाच्या मुळाशी जाणारा. सावळ्या रंगाला तोच बरा. झुंबरबाईंनी बैलाचे दात तपासावेत तशी दोन्ही यंत्रं वाकून पाहिली. गुरांचा बाजार भरणाऱ्या घोडेगावची बाई, ऐकलं आणि मान डोलावली असं होणारच नाही.

शेजारी त्यांची नवी सून सत्यशीला अंग चोरून बसली होती. तिच्या हनुवटीवर राठ केस यायचे. पहाटे न्हाणीत कडी लावून ती रेझर फिरवायची. नवऱ्याला, भागवतलाही पत्ता नव्हता. मागच्या आठवड्यात तो रेझर सासूच्या हाती लागला आणि सासू चकार शब्द बोलली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं! आज भागवत गुरांच्या बाजाराकडे वळताच मात्र म्हणाली, "चल नगरला. भागवतला सांगू नको."

एसटीत सत्यशीलाने सगळा हिशोब लावला. सासूबाईंना डॉक्टरच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं की पोरीत खोट आहे. मग पुणतांब्याला, माहेरी रवानगी. आणि भागवत तर तिला आत्ता कुठे आवडायला लागला होता.

सासूने पदर नेहमीसारखा हनुवटीवर ओढून मुठीत धरला होता. चेहरा झाकते तसं मनातलंही झाकते ही बाई, असं सत्यशीलाला वाटलं.

"उपचार कोणावर करायचेत?" डॉक्टरांनी विचारलं.

आता बोट आपल्याकडे वळणार. सत्यशीलाने डोळे मिटले. बोट वळलं नाही, तेव्हा उघडले. सासूने पदर सोडला होता. तिच्या हनुवटीवर खुरटी दाढी होती, पांढरी, आणि ब्लेडने कापल्याचे जुने वण.

डॉक्टरांनी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. "मावशी, हे पांढरे झालेत. दोन्ही यंत्रांना काळा केस लागतो. काळे होते तेव्हाच यायला हवं होतं."

"तवा मला आनायला कुनी न्हवतं," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांनी पदर पुन्हा ओढला आणि सुनेचा हात धरून तिला पुढे केलं. "माझं ऱ्हाऊ द्या. हिचे अजून काळे हायेत."