स्ट्रॉबेरी क्रीम

"ऊन लागलंय त्याला, सिस्टर," ओजस म्हणाला. डिसेंबरात, महाबळेश्वरला! मी स्वेटर घालून ड्यूटी करत होते.

स्ट्रेचरवर त्याचा मित्र तव्यासारखा तापला होता. जबडा आवळलेला, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, हाकेला ओ नाही. बंगल्यावरच्या पार्टीत तो बरळत थरथरायला लागला, तेव्हा या हुशार मंडळींनी त्याला दोन रजया पांघरवून झोपवलं होतं. थंडी वाजत असेल ना बिचाऱ्याला!

"घेतलं काय होतं त्यानं? पोलिसांचं नंतर बघू, आधी डॉक्टरांना कळू दे."

"स्ट्रॉबेरी क्रीम," ओजस ठामपणे म्हणाला. सोबत आलेल्या चौघांनी माना डोलावल्या. एवढी एकी आमच्या युनियनमध्येसुद्धा नाही.

डॉक्टर बर्फ लावून अंदाजानंच उपचार करत राहिले. अर्ध्या तासात ओजसनं जॅकेट काढलं, मग स्वेटर. करकर दात खायला लागला. मग माझं मनगट धरून गोळीचा रंग, कुणी किती घेतल्या, सगळं न विचारता सांगितलं.

"सिस्टर, मलाही फार गरम होतंय."

'स्ट्रॉबेरी क्रीम बाधलं असेल,' अगदी ओठांवर आलं होतं. पण पडद्यापलीकडे डॉक्टरांनी त्याच्या मित्राची छाती दाबणं थांबवलं आणि घड्याळात वेळ पाहिली.

उरलेला बर्फ मी ओजसकडे आणला.