कोपऱ्यातली बाटली

“हात चांगला बसलाय हो वहिनी तुमचा,” हॉटेलवाला म्हणाला.

ती तळघराच्या शेवटच्या पायरीवरच थांबली. कुलूप आत्ता तिनेच उघडलं होतं. नवरा गेला त्या सकाळी लावलंही तिनेच होतं, आणि मधले वीस दिवस किल्ली तिच्या पर्समधून हलली नव्हती.

घडवंची जागेवरच होती. वरच्या टोकाला एकमेकींना टेकलेल्या दोन फळ्या, प्रत्येकीला तीस भोकं, भोकाभोकात तोंड खुपसलेली एकेक बाटली. पण नवऱ्याने खोचल्या तेव्हा बाटल्या जवळजवळ आडव्या होत्या. आता त्या डोक्यावर उभ्या होत्या.

“मला वाटलं, सगळं गढूळ पाणीच उचलायला लागणार,” हॉटेलवाला म्हणाला. तो नवऱ्याचा जुना दोस्त. वाइनच्या नादाने दोघांचं जमलं होतं. “फोनवर तसंच म्हणालात ना तुम्ही?”

“तसंच वाटलं होतं, भाऊजी.”

वाइनचं नाव दुरेल्लो. इटलीतल्या काळ्या दगडाच्या डोंगरांवरची, पांढरी, फेसाळती. हॉटेलात गिऱ्हाईक तिकडचीच नावाजलेली प्रोसेको मागतं, हिचं नावही कुणी घेत नाही. नवऱ्याला नेमकी हीच हवी होती, आणि तीही गाळासकट. मेलेलं यीस्ट बाटलीत गाळ होऊन बसतं. बाटली आधी जोरात हलवून तो सुटा करायचा, बाटली आडवी खोचायची, मग रोज थोडी फिरवायची, थोडी कलती करायची. तीन आठवड्यांनी गाळ बुचाशी येतो. दुकानात तयार मिळत असताना हे उपद्व्याप कशाला, असं तिने शंभरदा विचारलं होतं. तो एकच दिवस फिरवू शकला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

फिरवायची त्याची वेळ दुपारी चारची. दोन हातांनी दोन बाटल्या एकदम. टक टक, टक टक. वर स्वयंपाकघरात ऐकू यायचं. हे वीस दिवसही तिला ते चार वाजता ऐकू येत होतं. कानाला लागलेली सवय, दुसरं काय, असं म्हणून ती भांडी घासत राहायची.

“एक राहिली की,” हॉटेलवाला वाकून म्हणाला.

अगदी खालच्या ओळीत, खांबाआडच्या कोपऱ्यातली बाटली आडवीच होती. तिच्यावर धूळ बसली होती.

“त्याचीही नेहमी हीच राहायची. गुडघ्याचं निमित्त. तुम्हाला कोणी शिकवलं हे?” तो हसला.

ती हसली नाही. ती हातातल्या किल्लीकडे बघत राहिली.

हॉटेलवाल्याने वरच्या ओळीतली एक बाटली काढली आणि उलटीच दिव्यापुढे धरली. गाळाचा हरभऱ्याएवढा गोळा पत्र्याच्या बुचाला चिकटला होता. वर सगळं नितळ. त्याने बूच बादलीत उडवलं, त्याबरोबर गाळ फटकन बाहेर गेला. अंगठा लावून त्याने बाटली सरळ केली आणि दोन पेले भरले.

“मी नाही घेत. आंबट असते.”

“घ्या. तुमच्याच हातची आहे.”

तिने घेतली. आंबटपणाने जबडा दुखला. पहिला घोट शिव्या घालतो, दुसरा माफी मागतो, तिसऱ्याला ओळख होते, असं नवरा म्हणायचा. ती कधी पहिल्याच्या पुढे गेली नव्हती. त्याचं तोंड एवढंसं व्हायचं, आणि तिला त्याची मजा वाटायची. आज तिने दुसरा घोट घेतला. ओल्या दगडाचा वास आला. तिसरा घेतला. शेवटी जिभेवर कडू बदामासारखं काहीतरी उरलं, आणि ते जाऊ नये असं वाटलं. मग तिला रडू आलं.

“त्याने एवढी स्वच्छ कधी काढली नव्हती,” हॉटेलवाला हळूच म्हणाला. “सगळ्या घेतो मी. संध्याकाळी टेम्पो पाठवतो. तुमचं तळघर मोकळं होईल.”

“मोकळं,” ती म्हणाली.

तो गेल्यावर ती बराच वेळ रिकामा पेला घेऊन बसली. बाटल्या गेल्या की घडवंचीही भंगारात जाणार. चार वाजतील आणि खाली करायला काही नसेल.

ती उठली. वरच्या ओळीपासून सुरुवात केली. एकेक बाटली काढायची, दोन्ही हातांनी गच्च धरून जोरात हलवायची. बुचाशी बसलेला गाळ सुटायचा, धुरासारखा वर चढायचा आणि नितळ वाइन ताकासारखी पांढुरकी व्हायची. मग बाटली परत आडवी खोचायची. अठ्ठावन्न बाटल्या. खांदे भरून आले, पण ती थांबली नाही.

मग तिने वर येऊन फोन लावला.

“भाऊजी, टेम्पो नका पाठवू. गढूळ आहेत.”

“काहीतरीच काय? माझ्यासमोर उघडली की आपण.”

“ती एकच तशी निघाली. बाकीच्यांना तीन आठवडे लागतील अजून.”

“तुम्ही कशाला त्रास घेता, वहिनी? कोण फिरवणार परत रोज?”

तिने घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा कमी होते.

“फिरवतील,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती जिन्यापर्यंत गेली, थबकली आणि पुन्हा खाली उतरली. वरच्या ओळीत एक भोक रिकामं झालं होतं. तिने कोपऱ्यातली बाटली ओढून काढली, पदराने पुसली, हलवली आणि त्या वरच्या भोकात खोचली.

आता वाकायला नको.