नियोजन मंजूर

दवाखान्यातून फोन आला तेव्हा तो टेबलावर कापडाचे थर अंथरत होता. सकाळी आपल्या पायांनी तपासणीला गेलेली त्याची बायको आता नव्हती. पुढचं बोलणं कानात शिरलंच नाही. कपड्यांच्या कारखान्यातला तो कटिंग मास्तर. कात्री खाली ठेवून तसाच घरी निघाला. घरी दहा वर्षांची लेक अर्धवट गणित पुढ्यात घेऊन बसली होती. आई आल्यावर पुरं करायचं, असं दोघींचं ठरलेलं. सगळं ऐकून तिने वही मिटली. मग तिने एकच विचारलं.

"बाबा, आता मला शा-शाळेत घालणार?"

"नाही," तो म्हणाला. कसं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

पोरगी बोलताना अडखळायची. शाळेत तिची इतकी टर उडाली की तिने तोंड उघडणंच सोडलं. तेव्हा आईने तिला शाळेतून काढलं आणि स्वतः घरी शिकवायला घेतलं. कागदावर काही नसायचं, सगळं आईच्या डोक्यात. शिक्षण खात्याच्या बाई तपासायला आल्या की आईच समोर बसून काय शिकवलं ते घडाघडा सांगायची. ती गेल्याचं समजल्यावर खात्याने कळवलं होतं, पुढच्या तपासणीला अभ्यासाचं नियोजन आणि रोजची नोंद दाखवा, नाहीतर मुलीला शाळेत घाला.

सल्ले द्यायला माणसं कमी नव्हती. मेहुण्याने एक जाडजूड डायरी आणून दिली. तिच्यातले चौकोन एवढे बारीक की मुंगीनेच त्यात लिहावं. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकेने भिंतीवर फळा लावायला सांगितला, पण फळा पुसला की नोंदही पुसली जायची. कारखान्यातल्या हिशेबनिसाने कॉम्प्युटरवर तक्ता करून दिला. याचा हात लागला की त्यातली एखादी ओळ गायब. शेवटी बहिणीने मोबाइलमध्ये दोन-तीन अ‍ॅप टाकून दिली आणि वर टोमणाही मारला. "सगळा कारखाना तुला मास्तर म्हणतो. घरात नावापुरता तरी हो."

त्यातलं एक त्याला जमलं. प्रत्येक धडा म्हणजे एक रंगीत चौकोन. बोटाने उचलायचा आणि हव्या त्या दिवसावर ठेवायचा. बाहीचे, कॉलरचे साचे कापडावर बसवावेत तसं. आयुष्यभर त्याने दुसरं केलं तरी काय होतं? मग रोज संध्याकाळी कामावरून आला की तो मोबाइल घेऊन बसायचा. भूगोल इकडे घे, अपूर्णांक तिकडे सरकव, शुक्रवार मोकळा राहतोय का बघ. आठवडा मनासारखा बसेपर्यंत त्याचा हात थांबायचा नाही. लेक पुस्तक घेऊन शेजारी यायची. थांब गं जरा, एवढं बसवून होऊ दे, असं तो म्हणायचा. ती थांबायची. बायकोच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता संध्याकाळ निघून जायची, त्यातल्या त्यात ते बरं वाटायचं.

तपासणीला बाई आल्या. मोबाइल हातात घेऊन बराच वेळ बोटाने वर सरकवत राहिल्या. आठवड्यामागून आठवडे नीट लागलेले आणि प्रत्येक धड्यासमोर हिरवी खूण.

"सगळे धडे घेऊन झाले?" बाई म्हणाल्या. "अहो, शिकलेल्या आईबापांना जमत नाही हे."

तो चपापला. कारखान्यात त्याचं काम कापण्यापर्यंत. तुकडे कापले, गठ्ठा बांधला की तो आपल्या कागदावर खूण करायचा. शिवायचं ते पुढच्या टेबलावरच्या बायकांनी. इथेही हात सवयीने चालला होता. धडा जागेवर बसला की खूण. त्या खुणेचा अर्थ धडा शिकवून झाला असा होतो, हे त्याला आत्ता कळत होतं. आणि शिकवला तर एकही नव्हता. घरात पुढचं टेबल नव्हतं.

खरं सांगावं तर पोरीची शाळा पक्की. खोटं बोलायला जीभ रेटेना. "त्याचं असं झालं, बाई..." एवढं म्हणून तो अडला. पुढचा शब्द सापडेना.

तेवढ्यात लेक पुढे आली. अपूर्णांकांची बेरीज सांगते म्हणाली. अडखळत, मधेच श्वास घेत, पण तिने ती पुरी केली. मग नदी वळणं का घेते ते सांगितलं, मग बी कसं रुजतं ते. कपाळावर घाम आला तरी थांबली नाही. बाईंनी एकदाही घाई केली नाही, की तिचा शब्द आपण पुरा केला नाही. शेवटी पर्स उघडून पेन काढलं, मंजुरीच्या कागदावर सही केली आणि जाताना त्याला म्हणाल्या की असंच चालू ठेवा.

दार लागलं. आपण चौकोन हलवत बसलो आणि पोरगी एकटीच शिकत राहिली, असं त्याला वाटलं. हे सगळं कधी वाचलंस, म्हणून त्याने विचारलं. तिने नाही अशी मान हलवली.

"ते आईनेच शि-शिकवलेलं," ती म्हणाली. "तेवढंच होतं. आज सांगून संपलं. पुढच्या वेळी काय सांगू, बाबा?"

पुढच्या वर्षभराची मंजुरी मिळाली होती. पहिला धडा अजून घ्यायचा होता.