दार्दोचे जंतू

कुपी पहिली

"थुंकायचं नाही, दोन्या एल्विरा. लाळ आपोआप ओघळू द्यायची," ग्रिसेल म्हणाली.

"आधी आई, मग मुलगी, सगळ्या सांगत आल्या, तोंड मिट. आता तू म्हणतेस उघड," असं म्हणून एल्विरा कुपीवर वाकली.

साल्तो शहरातल्या त्या दातांच्या दवाखान्यात दर सोमवारी चाळीस म्हाताऱ्यांची लाळ जमा होई. लाळेतले जंतू मोजून कुणाच्या हिरड्या सुजणार ते आधीच सांगता येतं का, हे ग्रिसेलला पाहायचं होतं. एल्विराचं गणित साधं होतं. खालचे चार दात टिकायला हवे होते. कवळी त्यांनाच अडकवलेली होती.

ग्रिसेलने दात स्वच्छ करून दिले.

कुपी दुसरी

जंतू पुन्हा तेवढेच.

"हे बाहेरून येताहेत," ग्रिसेल म्हणाली. "माते चहा कुणाबरोबर पिता?"

"कुणाबरोबर म्हणजे? दार्दोबरोबर. सेहेचाळीस वर्षं. पाला भिजवायचा भोपळा एक, ओढायची नळी एक."

"मग जंतू त्यांचे. नळीतून तुमच्या तोंडात. घेऊन या नवऱ्याला."

"दार्दोला? तो जन्मात दंतवैद्याची पायरी चढला नाही. दात दुखला की उसाच्या दारूची गुळणी, संपलं."

"आणि हिरड्या?"

"हिरड्यांना शिल्लक राहिलेली दारू."

ग्रिसेल हसली. मग कागदावर बोट ठेवून म्हणाली, "तीन आठवड्यांत तुमच्या हिरड्या सुजतील. मग दात हलतील."

कुपी तिसरी

ग्रिसेलने गुळण्यांच्या औषधाची बाटली दिली. "त्यांच्यासाठी. रोज दोनदा. नाहीतर नळी तरी वेगळी करा."

एल्विराने बाटली उलटसुलट करून पाहिली.

"लग्न झालंय तुझं, पोरी?"

"नाही."

"वाटलंच."

कुपी चौथी

लाळेत रक्ताचा धागा होता.

"औषध वापरलं त्यांनी?"

"बाटली बेसिनपाशी आहे. अजून फोडलेली नाही."

"फारच हट्टी."

"खेचर परवडलं."

"दोन्या, मी थट्टा करत नाही. दात जातील तुमचे. मांस खाता येणार नाही, संत्र्याची फोड चावता येणार नाही."

"भाताची पेज खाईन."

"एका नळीसाठी?"

एल्विराने रुमालाने ओठ टिपले. "दात मी देईन. नळी नाही," ती म्हणाली आणि पुढच्या बाईला जागा करून दिली.

कुपी पाचवी

रिकामी. निरोप आला: मुलगी मारिएला मोंतेविदेओहून आली आहे, घर आवरणं चाललंय, येता येणार नाही.

कुपी सहावी

कुपी सोमवारी घेतली, अहवाल गुरुवारी आला. ग्रिसेलने स्वतः फोन करून एल्विराला बोलावून घेतलं आणि कागद हातात धरून दारातच थांबली.

"उतरले, दोन्या. पार उतरले. सूज ओसरेल. चारही दात वाचले."

एल्विराने कागद घेतला. चष्मा आणला नव्हता. तिने कागद तसाच घडी करून परत दिला.

"त्याचे किती राहिले?"

"दार्दोंचे? जवळजवळ शून्य. खेचर शेवटी वळलं म्हणायचं. त्यांना माझा नमस्कार सांगा."

एल्विरा खुर्चीच्या कडेवर बसली.

"पुन्हा एकदा बघ, पोरी. एखादा असेल."

"एखाद्याने काही बिघडत नाही. घाबरू नका."

"घाबरत नाही. असला तर बरं."

ग्रिसेलला काही कळेना. ती तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मारिएलाने आल्या आल्या भोपळा कचऱ्यात टाकला आणि नळी उकळली," एल्विरा म्हणाली. "तिला वाटलं, आईला आता स्वच्छता जमत नाही. दार्दोला पुरलं त्या दिवसापासून दहा महिने मी ती नळी धुतली नव्हती."