नंबर लागला नाही

"इंजिनिअरिंगला नंबर लागला न्हाई, त्यात पोरीचा काई दोष न्हाई, लक्ष्मम्मा. परीक्षेच्या महिन्यात मीच तिला पाण्याच्या रांगेत उभं केलो," सिद्रामप्पा शेजारणीला सांगत होते.

मागं घागर घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीला, शिवलीलाला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. भेटेल त्याला अप्पा हेच सांगत सुटले होते. टँकरचा पत्ता नव्हता. उदगीर जिल्हा कधी होणार यावर तावातावानं भांडणारी रांग तेवढ्यापुरती गप्प झाली आणि तिच्याकडं कीव करून बघू लागली.

आता खरं काय ते ऐका. सरकारी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला तिचा नंबर लागला होता, तोही पहिल्याच फेरीत. पण बारावीपर्यंत कॉम्प्युटर विषय घेऊन ती पार विटून गेली होती. गणितात अडली की पोरगी जेवणखाण विसरायची. प्रोग्रामात अडली की नुसतं डोकं धरून बसायची. तिला बी.एस्सी.ला जाऊन गणितच करायचं होतं. पण आपल्याकडं बी.एस्सी.ला जातं कोण? ज्याचा कुठंच नंबर लागत नाही तो. आवडतं म्हणून जाते, हे अप्पांना सांगायची तिला लाज वाटली. "नंबर लागला न्हाई," म्हणाली आणि मोकळी झाली. तिला वाटलं, चार दिवस बोलतील नि विसरतील. बोलले कुठं? सगळं स्वतःच्याच माथी मारून घेतलं.

लक्ष्मम्मा पाठीवरून हात फिरवायला लागली, तेव्हा मात्र तिला राहवेना. अप्पांना रांगेतून बाजूला नेलं आणि मान खाली घालूनच म्हणाली, "अप्पा, माझा नंबर लागला होता. मीच सोडलं. मला गणित करायचंय."

सिद्रामप्पांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. चार शिव्या दिल्या असत्या तरी तिला परवडलं असतं. "उगंच जीव जाळून घेतलो की गं," एवढंच म्हणाले आणि वळले.

दोघं रांगेत परतले. लक्ष्मम्मानं विचारलंच, "काय म्हणती पोरगी? पुढच्या वर्षी परत बसती का परीक्षेला?"

रांगेनं कान टवकारले. आता आपली शोभा होणार म्हणून शिवलीलानं डोळे मिटून घेतले.

"न्हाई, लक्ष्मम्मा," सिद्रामप्पा मघाच्याच पडेल आवाजात म्हणाले. "एकदा मीच वाटोळं केलो. आता परत बस म्हणायला मला कुठलं तोंड?"