पाण्याचं वेळापत्रक उघडत नाही

जानेवारीच्या पाण्याच्या वेळापत्रकावर क्लिक केलं, की वेळापत्रक सोडून भलतंच काहीतरी उघडत होतं. उघडत होतं ते सरत्या वर्षाचं मृत्युपत्र. तेही गावाच्या पाणीखात्याच्या वेबसाइटवर, एकतीस डिसेंबरच्या भर सकाळी. वेबसाइट सांभाळायची नार्सिसा गुआमान, आणि मृत्युपत्र लिहिलेलं तेही तिनेच.

तसं मृत्युपत्र दरवर्षीच लिहिलं जायचं. भुसा भरलेला जुन्या वर्षाचा बाहुला फाटकाशी खुर्चीत बसवायचा, आणि जाळायला नेण्याआधी त्याची शेवटची इच्छा सगळ्यांसमोर वाचायची. त्यात ऑफिसातल्या एकेकाची यथेच्छ सालटी काढायची. तक्रार खिडकीवरच्या लास्तेनियाला बाहुला आपली जीभ ठेवून जायचा, ड्रायव्हरला आपला चष्मा. पण डायरेक्टर, इंजिनियर एफ्राईन सिग्वेन्सिया यांचं नाव घ्यायची अकरा वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती. त्या माणसाला हसताना कुणी पाहिलंच नव्हतं. यंदा नार्सिसाला कुठून दुर्बुद्धी सुचली देव जाणे. तिने लिहिलं होतं:

इंजिनियराला ठेवून जातो दोन कोरड्या बादल्या,
नळाखाली धरून धरून लोकांनी ज्या झिजवल्या.
शिवाय देतो हसू माझं, जपून वापर म्हणावं,
त्याचं कुठल्या पाइपात अडकलं ते शोधून तरी काढावं.

ऑफिसातल्या सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये तिने ते ठेवलं होतं. चार जण हसले असते आणि संपलं असतं. आता अख्खा गाव वाचत होता. आणि नार्सिसाचा एक वर्षाचा करार नेमका आज संपत होता. पुढच्या वर्षाच्या कागदावर दुपारी बारा वाजायच्या आत साहेबांची सही पडली नाही, तर उद्यापासून ती घरी, आणि तिच्या दोन पोरींची शाळाही घरी.

तिने धडपडत लिंक बदलली, खरं वेळापत्रक जोडलं, उघडून पाहिलं. आलं. हुश्श म्हणते तोच आतून बोलावणं आलं. साहेब पडद्याकडे डोळे बारीक करून बसले होते. जानेवारीची लिंक त्यांच्याकडे उघडत नव्हती, नुसतं करडं पान येत होतं. नार्सिसाने मनातल्या मनात त्या जुनाट ब्राउझरची दृष्ट काढली.

"गावातल्या लोकांना तरी उघडतंय का?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांना उघडतंय, ती म्हणाली. साहेबांनी "नक्की ना?" असं दोनदा विचारून घेतलं.

जागेवर येऊन बघते तर लिंकमागे पुन्हा मृत्युपत्र. ब्राउझर जुनी प्रत दडवून ठेवतो हे तिला ठाऊक होतं. तिने त्याची सगळी साठवण पुसली, लिंक नव्याने जोडली, वेळापत्रक आलेलं डोळ्यांनी पाहिलं. अर्ध्या तासात परत तेच. मग तिने लास्तेनियाच्या कॉम्प्युटरवर जाऊन पाहिलं. तिथेही तेच, आणि लास्तेनिया डोळे पुसत पाचव्यांदा वाचत होती. चूक आपलीच, यात नार्सिसाला शंका नव्हती. वेबसाइटचा पासवर्ड होताच मुळी दोघांकडे, एक ती आणि दुसरे साहेब. साहेबांना तर साधी लिंक उघडता येत नव्हती.

साहेबांनी पुन्हा बोलावलं. अजून करडंच पान. तिने सांगितलं की तुमचा ब्राउझर फार जुना झालाय, मी कागदावर छापून आणते. छापील त्यांना नको होतं. गावात कुणी कुणी उघडून पाहिलं, ते त्यांना हवं होतं. अजून कुणीच पाहिलं नसेल साहेब, तिने ठोकून दिलं, सणाचा दिवस, कोण बसतंय वेळापत्रक बघत. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. कामाचा केवढा ध्यास हो या माणसाला, असं वाटून तिला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर येऊन तिने तिसऱ्यांदा लिंक बदलली. साडेअकराला तिसऱ्यांदा मृत्युपत्र परत आलं. बाजारातून उकडलेला मका विकणाऱ्या बाईचा फोन आला, की पाइपात अडकलेल्या हसण्याचं काही कळलं का. लास्तेनियाने तो हसत हसत नार्सिसाकडे दिला. तिने तो ठेवून दिला.

बाराला दहा मिनिटं असताना कराराचा कागद घेऊन ती आत गेली. लपवून काही उपयोग नव्हता. कधी ना कधी कुणीतरी सांगणारच होतं, तर आपणच सांगावं.

"साहेब, त्या लिंकमध्ये वेळापत्रक नाहीये," ती म्हणाली. "मृत्युपत्र आहे. तुमच्यावर लिहिलंय, आणि लिहिलंय मीच. कसं चिकटलं कळत नाही. तीनदा काढलं, तीनदा परत आलं. हवं तर सही करू नका."

साहेबांनी कागद ओढून घेतला. चष्मा लावला. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद तिच्यापुढे धरला. तिने हात लावला तरी त्यांनी तो सोडला नाही.

"म्हणजे काढणारी तू होतीस होय?" साहेब म्हणाले. "अकरा वर्षांनी एकदाचं त्यात माझं नाव आलंय. काल फोल्डरमधून दहा वेळा वाचलं, आज सकाळपासून चार वेळा ती लिंक जोडली, म्हटलं गाव तरी बघेल. आता संध्याकाळपर्यंत राहू दे ना गं बाई."