उलटा कळस

दिवसा ग्रह कुठले दिसणार, म्हणून वेधशाळेच्या मास्तरांनी गच्चीवरची दुर्बीण सिद्धेश्वराच्या कळसाकडं वळवली. वळसंगहून बैलगाडीनं आलेल्या दानम्मांनी डोळा लावला आणि चटका बसल्यासारख्या त्या मागं सरल्या. कळस खाली, पायऱ्या वर. "या भिंगातून सगळंच उलटं दिसतं," मास्तर म्हणाले. दानम्मा सून बसम्मावरच उखडल्या. "ही अवदसा घरात आली आन् देवसुद्धा पालथा पडला. आजच हिला माहेरी सोडती, परत आणायची न्हाय." त्या तरातरा जिना उतरून मैदानापलीकडच्या गाडीकडं निघाल्या. बसम्मानं मास्तरांना विनवलं, "आत्याबाईंकडं वळवा की." दुर्बीण वळताच डोळा लावून तिनं गच्चीवरूनच हाळी दिली, "आत्याबाई, तुमी बी उलट्याच दिसताय. डोकं खाली, पाय वर. मग दोघी मिळून माहेरी जाऊ की." दानम्मांनी भर मैदानात निऱ्या घट्ट धरल्या.